सरकारी बालशिक्षणाचा पैसा आणि कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचं सरकारी खातं ठरलेलं असतं, दवाखान्याचंही असतं. तीन वर्षांच्या मुलाचं खातं कोणतं, याचं उत्तर मात्र देशागणिक बदलतं, आणि कधी कधी एकाच देशात दर दहा वर्षांनी बदलतं. पालक, सेविका, बालवाडी चालवणाऱ्या संस्था आणि या विषयाचे विद्यार्थी जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे एक ठाम मत आहे: रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या वाटेनं, केव्हा आणि कुणाच्या हातात पोचते, यावर मुलाच्या पदरात काय पडतं हे जास्त ठरतं.

या कार्यक्रमांत नेमकं काय काय येतं?

जन्मापासून शाळाप्रवेशापर्यंतचं सगळं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं, घरभेटी, पोषण, आईबापांना मार्गदर्शन. तीन ते सहा वयोगटासाठी बालवाडी, अंगणवाडी, बालवाटिका, प्री-स्कूल. सरकारी हिशेबात हे दोन गट बहुधा वेगळे धरले जातात. मूल जितकं लहान तितकी त्याच्याजवळ मोठी माणसं जास्त लागतात, म्हणजे खर्चही जास्त. त्यामुळे जवळपास सगळीकडे सरकारं आधी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी वर्ग उघडतात आणि तान्ह्यांचा विषय पुढे ढकलत राहतात.

घरी मूल शिकतंच की. मग सरकारनं पैसा कशाला घालायचा?

याच्या उत्तरात हटकून एक प्रयोग सांगितला जातो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात यिप्सिलांटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला उत्तम बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. ही मुलं चाळिशीत पोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालं, कमाई जास्त होती, अटकेचं प्रमाण कमी होतं. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी मांडलेल्या हिशेबानुसार या खर्चावर समाजाला वर्षाकाठी ७ ते १० टक्के परतावा मिळाला.

हा आकडा भाषणांत फार सैलपणे वापरला जातो. त्या बालवाडीत पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात होती. तीस मुलांच्या खोलीत एकटी बाई उभी करून तोच परतावा मागायचा, हे न्यायाचं नाही.

दुसरं कारण आयांच्या रोजगाराचं. मुलाची सोय झाली की आईला कामावर जाता येतं, आणि तिच्या कमाईवरचा कर सरकारकडेच परत येतो. मला स्वतःला तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चार वर्षांच्या मुलाचा आजचा दिवस चांगला जावा, त्याला खेळायला, बोलायला, पोटभर जेवायला मिळावं, एवढं पुरेसं आहे. तो पुढे किती कमावेल याचा हिशेब त्यासाठी लागत नाही.

पैसा येतो कुठून?

मुख्यतः सर्वसाधारण करांतून, म्हणजे त्याच तिजोरीतून जिथून रस्ते आणि पोलिसांचा खर्च निघतो. यात फायदा असा की एखादा कर आटला म्हणून वर्ग बंद पडत नाहीत. तोटा असा की दरवर्षी अर्थसंकल्पात जागेसाठी भांडावं लागतं, आणि त्या भांडणात बालवाडीची बाजू दुबळी असते. पाच वर्षांच्या मुलांना मत नसतं.

म्हणून काही सरकारं या कामासाठी ठरावीक उत्पन्न बांधून देतात. जपाननं ऑक्टोबर २०१९ मध्ये उपभोग कर ८ वरून १० टक्के केला आणि त्या उत्पन्नाच्या आधारावर तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं बालशिक्षण निःशुल्क केलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्याचे चार वर्षांच्या मुलांचे वर्ग लॉटरीच्या पैशावर चालतात. फिलाडेल्फिया शहरानं २०१७ पासून गोड पेयांवर कर लावून बालवाडीसाठी पैसा उभा केला. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी सिगारेटच्या पाकिटामागे ५० सेंट कर मंजूर केला आणि ती रक्कम पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कामाला दिली. पुढे लोकांची सिगारेट कमी झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर मुलांचा निधीही घटत गेला. बांधलेल्या उत्पन्नाचा धोका तो हाच. जी सवय मोडायची आहे तिच्यावर मुलांचा कायमचा खर्च टाकणं मला पटत नाही. सुरुवातीला जोर लावायला असा पैसा ठीक, पगार मात्र सर्वसाधारण तिजोरीतूनच व्हावेत.

याशिवाय पालकांची फी, देणगीदार संस्था आणि गरीब देशांत जागतिक बँकेसारख्यांची कर्जं. कर्जाच्या पैशातून इमारती आणि साहित्य येतं. प्रकल्प संपल्यावर शिक्षिकेचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न मागे उरतो.

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यात वाटणी कशी होते?

याचे नमुने अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा मुलावर होणारा परिणाम वेगळा.

फ्रान्समध्ये बालशाळेतल्या शिक्षकाचा पगार राष्ट्रीय शिक्षण मंत्रालय देतं. इमारत आणि वर्गातली मदतनीस ही नगरपालिकेची जबाबदारी. गाव श्रीमंत असो की गरीब, शिक्षक त्याच दर्जाचा मिळतो. केनियात २०१० च्या राज्यघटनेनं पूर्वप्राथमिक शिक्षण काउंटी, म्हणजे स्थानिक पातळीवरच्या सरकारांकडे दिलं आणि प्राथमिक केंद्राकडे ठेवलं. बालवाडीच्या शिक्षिकेला पगार देणारं सरकार एक आणि पहिलीच्या शिक्षकाला देणारं दुसरं, असं तिथे झालं.

ब्राझीलची व्यवस्था मला फार शिकण्यासारखी वाटते. तिथे बालशिक्षण नगरपालिकांकडे आहे, पण २००७ पासून फुंडेब नावाच्या निधीत राज्यं आणि नगरपालिका आपल्या करांचा ठरलेला वाटा जमा करतात आणि तो पटावरच्या मुलांच्या संख्येनुसार परत वाटला जातो. पाळणाघरातलं मूल, बालवाडीतलं मूल, पूर्ण दिवस राहणारं मूल, प्रत्येकाला वेगळं वजन. ज्या राज्यांत रक्कम कमी पडते तिथे केंद्र भर घालतं. आधीच्या निधीत फक्त प्राथमिक शाळा होती, त्यामुळे बालवाडी उघडणं नगरपालिकेला परवडत नसे. मूल मोजलं जाऊ लागलं तसं त्याच्यामागे पैसा येऊ लागला.

गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठी असलेल्या अमेरिकेच्या ‘हेड स्टार्ट’ची वाट याहून वेगळी. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा पैसा संघीय सरकार राज्यांना वगळून थेट स्थानिक संस्थांना देतं. सर्वसाधारणपणे २० टक्के वाटा संस्थेनं रोख, जागा किंवा स्वयंसेवकांच्या श्रमाच्या रूपात उभा करायचा असतो. २०११ पासून ज्यांचं काम ठरलेल्या निकषांत बसत नाही त्यांना अनुदान आपोआप पुढे चालू राहत नाही. नव्यानं अर्ज करून इतरांशी स्पर्धा करावी लागते.

भारतात अंगणवाडीचा पैसा कसा फिरतो?

अंगणवाडीच्या कल्पनेची मुळं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामात आहेत. बालवाडीपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणात बालवाडी नेण्याचं ते काम होतं. सरकारी योजना म्हणून एकात्मिक बालविकास सेवा २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि योजना ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाखाली चालते. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २१,२०० कोटी रुपयांची तरतूद होती.

खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांत ९० आणि १०. पूरक पोषण आहारासाठी बहुतेक राज्यांत निम्मे-निम्मे. आहाराचा दर २०१७ मध्ये सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये असा ठरला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालय, राज्याचं खातं, जिल्हा, प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका आणि शेवटी सेविका, अशी ही साखळी आहे.

आता त्या शेवटच्या टोकाला काय होतं ते पाहू. अंगणवाडीच्या सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, आरोग्य व आहार शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज असेल तर दवाखान्यात पाठवणं. सकाळी सेविका मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी भरते. तेवढ्यात वजनासाठी बाळ घेऊन एक आई येते, दुसरी लसीचं कार्ड दाखवायला. मदतनीस आहाराच्या मागे. वरून निरोप येतो की अमुक सर्वेक्षणाची यादी आजच हवी. या सगळ्यात वीस-पंचवीस मुलं मातीचे गोळे घेऊन बसलेली असतात आणि त्यांच्याशी बोलायला मोकळं माणूसच नसतं. सहा सेवांपैकी पाचांची नोंद वर जाते; शिक्षणाची नोंद घेणं अवघड, म्हणून मागे पडतं तेही शिक्षणच. ही सेविकेची कुचराई नव्हे, ही योजनेची रचना आहे. २०२३ मध्ये केंद्रानं ‘पोषण भी, पढ़ाई भी’ ही मोहीम आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. दिशा बरोबर आहे. पण शिकवायला वेगळं माणूस दिल्याशिवाय अभ्यासक्रम कपाटातच राहील, असं मला वाटतं.

हे काम शिक्षण खात्याकडे असावं की बालकल्याणाकडे?

जगभर ओढा शिक्षण खात्याकडे आहे. न्यूझीलंडनं १९८६ मध्येच पाळणाघरं शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आणली, स्वीडननं १९९६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेनं १ एप्रिल २०२२ रोजी. शिक्षण खात्यात गेल्यावर पगार, प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाला वजन येतं. धोका असा की वरच्या इयत्तांचा अभ्यास खाली सरकतो आणि चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल-वही येते. स्वीडन आणि न्यूझीलंड यांनी तो बऱ्याच अंशी टाळला, कारण खेळाला मध्यवर्ती ठेवणारे अभ्यासक्रम त्यांनी बालशिक्षणासाठी स्वतंत्रपणे तयार केले.

कल्याण खात्याकडे आरोग्य आणि आहाराची जोड चांगली राहते. भारतात दोन्ही आहेत: अंगणवाडी एका मंत्रालयाकडे, शाळांतली बालवाटिका दुसऱ्याकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, पण कारभाराच्या फायली अजून दोन इमारतींत आहेत. खातं कोणतंही असो, एका मुलाची जबाबदारी अखेर एका अधिकाऱ्यावर निश्चित असली पाहिजे.

अनुदान संस्थेला द्यावं की पालकांना?

संस्थेला दिलं तर सरकार बदल्यात अटी घालू शकतं: इतकी मुलं, इतक्या शिक्षिका, एवढी फी. पालकांच्या हातात दिलं, म्हणजे फीत सवलत किंवा करात सूट दिली, तर त्यांना निवड मिळते; पण जिथे केंद्रच नाही तिथे सवलतीचा कागद काय कामाचा?

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे सांगायलाच हवा. पालकांना मिळणाऱ्या सवलतींच्या जोरावर तिथे एबीसी लर्निंग ही खासगी कंपनी प्रचंड फोफावली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये कर्जाखाली कोसळली. हजारो कुटुंबांची मुलं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून सरकारला पैसे घालून केंद्रं चालू ठेवावी लागली. पुढे त्यांतली बरीचशी ना-नफा संस्थांच्या एका गटानं घेतली. सरकारी पैशावर उभा राहिलेला धंदा बुडाला की त्याचा भार पुन्हा सरकारवरच येतो. माझा कल संस्थेला अटींसह अनुदान देण्याकडे आहे.

पूर्ण फुकट असावं की थोडी फी?

थोडी फी चालेल, पण वर मर्यादा हवी. स्वीडननं २००२ मध्ये फीला कमाल मर्यादा घातली: पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत आणि तीही एका ठरावीक रकमेच्या आत. गरीब घरांसाठी मात्र नाममात्र फीसुद्धा दार बंद करते.

शिक्षिका आणि सेविकांचे पगार इतके कमी का?

कारण हे काम अजूनही ‘बायकांना येतंच’ असं धरून चाललेलं आहे.

भारतात ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या निकषानुसार सेविकेला महिन्याला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये मानधन. राज्यं त्यावर आपली भर घालतात, म्हणून शेजारच्या दोन राज्यांत आकडा वेगळा दिसतो. कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. त्यामुळे वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. इतकी वर्षं काम करून घेतल्यावर एवढ्यासाठी न्यायालयात जावं लागलं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

या वयात शिक्षणाचं साधन म्हणजे मुळात ती व्यक्तीच. मुलाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणं, त्याच्या चुकीच्या वाक्याला हसण्याऐवजी तेच वाक्य बरोबर करून त्याच्यापुढे ठेवणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन दुसऱ्या चौघांचा खेळ चालू ठेवणं, ही कौशल्यं वर्षानुवर्षांच्या कामातून येतात. पगार कमी असला की अनुभवी बाई सोडून जाते आणि तिच्याबरोबर ते सगळं जातं. तरी अर्थसंकल्प कापायची वेळ आली की कात्री पगारावर आणि प्रशिक्षणावरच चालते, इमारतीवर नाही. इमारतीचं उद्घाटन करता येतं.

खर्च वाढवला की गुणवत्ता आपोआप वाढते का?

नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये बालसंगोपनाची सोय दिली. आयांचा रोजगार वाढला, हे यश मोठं. पण मागणीच्या मानानं चांगली केंद्रं उभी राहिली नाहीत आणि मुलांच्या वागणुकीवर प्रतिकूल परिणाम दाखवणारे अभ्यास पुढे आले. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या सरकारी वर्गांचा दीर्घ अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले होते; सहावीत पोचेपर्यंत त्या वर्गांत गेलेली मुलं चिठ्ठीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा चाचण्यांत मागे होती.

हे निष्कर्ष बालशिक्षणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी लपवू नयेत. वर्ग वाईट असेल तर लहान मुलावर त्याचा परिणामही वाईटच होणार. त्यातून घ्यायचा धडा दर्जावर खर्च करण्याचा आहे, वर्ग बंद करण्याचा नव्हे.

खासगी बालवाड्यांवर सरकारचं नियंत्रण कसं असतं?

नोंदणी, तपासणी आणि मोठ्या माणसामागे मुलांची कमाल संख्या, या तीन मार्गांनी. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या पाच मुलांमागे किमान एक कर्मचारी असा नियम आहे. सप्टेंबर २०२३ पूर्वी तो चार मुलांमागे एक होता. भारताच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर आलेल्या मानकांत तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक आणि त्याखाली दहामागे एक असं प्रमाण सांगितलं आहे. सांगणं आणि तपासणं यांत मोठं अंतर आहे. तपासनिसांची पदंच भरली नाहीत तर मानक कागदावर राहतं.

निधी मंजूर होतो, मग वेळेवर का पोचत नाही?

कारण मंजुरी आणि वितरण या दोन वेगळ्या गोष्टी. रक्कम हप्त्यांनी सुटते. पुढचा हप्ता हवा तर मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. एका जिल्ह्याचं अडलं की राज्याचं अडतं. वर्षाच्या सुरुवातीचे महिने आदेश निघण्यात जातात आणि शेवटच्या महिन्यात घाईघाईनं खरेदी होते. खेळण्यांचे संच एकदम येतात, भाडं आणि मानधन मात्र थकलेलं असतं. इमारतीचा मालक थांबत नाही, म्हणून सेविका पदरमोड करते, आणि ही पदरमोड कोणत्याही अहवालात दिसत नाही.

दुसरा प्रकार राखीव निधी मोकळा करण्याचा. इंग्लंडमध्ये लहान मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी १९९८ साली जाहीर झालेल्या ‘शुअर स्टार्ट’ केंद्रांचा निधी २०११ पर्यंत त्याच कामासाठी राखून ठेवलेला होता. ते बंधन निघालं, त्याच सुमारास नगरपालिकांचं एकूण अनुदान घटलं, आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो केंद्रं बंद झाली. योजना रद्द केल्याची घोषणा कुणालाच करावी लागली नाही.

किती खर्च पुरेसा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोच्या ताश्कंद परिषदेत देशांनी शिक्षणावरच्या सरकारी खर्चापैकी किमान १० टक्के पूर्वप्राथमिकसाठी देण्याचं मान्य केलं. हे किमान आहे. अनुदान महागाईबरोबर वाढतं का, हेही पाहावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत दर मुलामागे दिवसाला १७ रँड ही रक्कम २०१९ पासून तशीच राहिली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २४ करण्यात आली.

मुलाला हा कायदेशीर हक्क आहे का?

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा हक्क आहे. जागा न मिळाल्यास पालक न्यायालयात जाऊ शकतात. फ्रान्सनं सप्टेंबर २०१९ पासून तीन वर्षांपासूनचं शिक्षण सक्तीचं केलं. भारतात २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राज्यानं ‘प्रयत्न करावा’ असं सांगतं. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांपुरता आहे; त्याच्या कलम ११ नुसार सरकार तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सोय करू शकतं, पण करायलाच हवी असं बंधन नाही.

आपल्या भागातल्या केंद्राचा कारभार तपासायचा तर काय विचारावं?

मंजूर पदं किती आणि भरलेली किती, इथून सुरुवात करा. मग मानधन शेवटचं कोणत्या महिन्याचं मिळालं ते विचारा. पटावर मुलं किती आणि प्रत्यक्ष किती बसतात, इमारतीचं भाडं कोण भरतं, मागच्या वर्षी शिक्षिकेला किती दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, आणि ते खेळातून शिकवण्याचं होतं की ॲप भरण्याचं? भारतात यातली बरीचशी कागदपत्रं बालविकास प्रकल्प कार्यालयात माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. वर्ष, केंद्र आणि खर्चाचं शीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या बाबीवरचा, हे नेमकं लिहा. अर्ज करण्याआधी सेविकेशी बोला, कारण कुठे अडतंय हे तिला बहुधा माहीत असतं, फक्त तिला ते कुणी विचारलेलं नसतं.